दार बंद, समुद्र उघडा

“लेकराला घेऊन अशा बोटीत बसायचं तरी कशाला?” टीव्हीवर माणसांनी खच्चून भरलेली रबरी बोट दिसली की घराघरांतून हा प्रश्न येतोच. सप्टेंबर 2015 मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर आलन कुर्दी या चिमुकल्या सीरियन मुलाचा मृतदेह सापडला, तेव्हाही आपण हेच म्हणालो होतो. त्याची आई आणि भाऊही त्याच बोटीतून बुडाले. 2014 पासून एकट्या भूमध्य समुद्रात 30 हजारांहून जास्त माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. एवढं ठाऊक असूनही माणसं बोटीत बसतात, ती का, हे समजून घ्यायला हवं.

बाहेरून आलेला माणूस आपल्या बुटीबोरीला नवा नाही. एमआयडीसीत कामाला आलेली बिहार, उत्तर प्रदेशची कुटुंबं आपल्याच शेजारी भाड्याच्या खोलीत राहतात. पण पोटासाठी आलेला आणि जीव वाचवायला पळालेला, यांत मोठा फरक आहे. पहिला छटपूजेला गावी जाऊन येतो. दुसरा गेला तर तुरुंगात पडेल, नाहीतर जिवानिशी जाईल. अशा दुसऱ्या माणसाला 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारानं शरणार्थी म्हटलं, आणि जिथं जिवाला धोका आहे तिथं त्याला परत पाठवायचं नाही, असं ठरवलं.

खरी मेख पुढेच आहे. ब्रिटनमध्ये आश्रय मागायचा तर अर्ज ब्रिटनच्या भूमीवर पोचूनच करावा लागतो. आणि “मला आश्रय मागायचा आहे” असं सांगून व्हिसा काही मिळत नाही. म्हणजे दारात आलात तर ऐकू, पण दारापर्यंतचा रस्ता देणार नाही! मग रस्ता विकायला एजंट उभाच असतो. तो पैसे आधी घेतो आणि स्वतः बोटीत बसत नाही. 2022 या एका वर्षात 45 हजारांवर माणसं अशा छोट्या बोटींतून इंग्लंडला उतरली. त्याच वर्षी ब्रिटननं त्यांना आफ्रिकेतल्या रवांडाला पाठवायची योजना काढली. 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ती बेकायदा ठरवली आणि 2024 मध्ये नव्या सरकारनं ती गुंडाळली. तोवर एकालाही सक्तीनं पाठवता आलं नव्हतं. बोटी मात्र येतच राहिल्या.

आता याच ब्रिटनचं दुसरं उदाहरण बघा. 2022 मध्ये युक्रेनवर रशियानं हल्ला केला, तेव्हा ब्रिटननं युक्रेनच्या लोकांसाठी वेगळा व्हिसा काढला. दोन लाखांहून जास्त माणसं रीतसर विमानानं, रेल्वेनं आली. त्यात बायका-मुलंच जास्त. त्यांना रबरी बोटीची गरजच पडली नाही. रस्ता दिला की एजंटचा धंदा बसतो, याला आणखी कसला पुरावा हवा?

दुसरी बाजूही ऐकून घेऊ. देशाच्या सीमा म्हणजे धर्मशाळा नव्हे, हे म्हणणं काही चूक नाही. शाळा, दवाखाने, घरं यांवर ताण पडतो आणि तो आधी गरिबांच्या वस्तीलाच जाणवतो. बोटीतल्या प्रत्येकाच्या जिवाला धोका असतो असंही नाही, काही कमाईसाठीच निघालेले असतात. ऑस्ट्रेलियानं 2013 मध्ये, बोटीनं येणाऱ्याला देशात कधीच वसू देणार नाही, असं ठरवलं आणि बोटी जवळजवळ थांबल्याही. पण त्यासाठी खरे शरणार्थीसुद्धा नाऊरूसारख्या बेटावर वर्षानुवर्षं अडकून पडले. किंमत कोणीतरी मोजलीच.

आणि आपण? भारतानं 1951 च्या करारावर सही केलेली नाही, शरणार्थींसाठी वेगळा कायदाही नाही. तरीही आपल्याच महाराष्ट्रानं दार उघडल्याची उदाहरणं आहेत. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलंच. त्यांनीही समुद्र ओलांडला, पण सरकारांनी ठरवून दिलेल्या जहाजानं. हिवाळ्यात नागपुरात स्वेटर विकायला बसणाऱ्या तिबेटी बायका आपण सगळ्यांनीच पाहिल्यात. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ 1972 मध्ये त्यांची वसाहत वसली. नागपूरच्या जरीपटक्यात पाकिस्तानातून आलेली सिंधी हिंदू कुटुंबं दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात. 2019 च्या नागरिकत्व कायद्यानं त्यांच्यासारख्यांची वाट सोपी केली. म्यानमारमधून पळालेल्या रोहिंग्यांसाठी मात्र अशी वाट नाही. 2023 मध्ये बंगालचा उपसागर आणि अंदमानच्या समुद्रात त्यांच्यातले किमान 569 जण मेले किंवा बेपत्ता झाले.

म्हणजे आपल्याकडे आसरा मिळतो, पण कोणाला, हे त्या-त्या वेळच्या सरकारच्या मर्जीवर ठरतं. कोणाला ठेवायचं, कोणाला परत पाठवायचं, हे ठरवायचा हक्क देशाला जरूर असावा. पण तो निवाडा टेबलापाशी बसून, कागद बघून, माणसाचं ऐकून घेऊन व्हावा. समुद्राच्या हाती तो सोपवला, तर खरा कोण आणि खोटा कोण हे बघायला समुद्र थांबत नाही. अंगात बळ कमी आणि कडेवर मूल, अशी बाईच त्यात आधी बुडते.

म्हणून पुढच्या वेळी बोटीची बातमी आली आणि घरात “किती आले?” असा वाद रंगला, तर मैत्रिणींनो, तुम्ही एक प्रश्न नक्की विचारा: यांना यायला दुसरा रस्ता कुठला होता?