देव्हारा आणि मतपेटी

बडोद्याच्या जुन्या तटाला चार दिशांस चार दरवाजे आहेत. पश्चिमेस लहेरीपुरा, उत्तरेस चांपानेर, दक्षिणेस गेंडीगेट, पूर्वेस पाणीगेट. आणि मधोमध मांडवी. गायकवाडांच्या अमदानीपासून या वेशींच्या आतबाहेर मराठी आणि गुजराती, हिंदू आणि मुसलमान अशी वस्ती भिंतीला भिंत लावून राहत आली. त्याच पाणीगेट भागात ऑगस्ट २०२५ मध्ये, ऐन गणेशचतुर्थीच्या तोंडावर, मिरवणुकीने नेल्या जाणाऱ्या गणेशमूर्तीवर अंडी फेकण्याचा प्रकार घडला. पोलिसांनी संशयितांना अटक केली. बडोद्याला दंग्यांचा पूर्वानुभव असल्याने वार्ता ऐकताच कोणाचाही जीव दचकावा, यात नवल नाही.

आम्ही आस्तिक आहोत. आमच्या घरी गणपती बसतो आणि त्याच्यापुढे हात जोडताना आम्हांस कोणाची लाज वाटत नाही. म्हणूनच हे कृत्य नीच होते, असे आम्ही निःसंकोच म्हणतो. ज्याने अपराध केला त्याला शासन झालेच पाहिजे. परंतु अपराध्यास शासन करणे हे न्यायालयाचे काम आहे, आणि अपराध्याच्या आळीतील प्रत्येकास अपराधी ठरविणे हा न्यायही नव्हे आणि धर्मही नव्हे. मूर्तीवर फेकलेली घाण पाण्याने धुऊन निघते. शेजाऱ्याविषयी मनात साठलेला विखार मात्र पिढ्यानुपिढ्या धुऊन निघत नाही.

बडोद्याच्या बातमीशी बेळगाव-निपाणीच्या वाचकांस काय कर्तव्य, असे कोणी विचारील. कर्तव्य आहे. बडोद्याचे मराठी लोकही आपल्याप्रमाणेच परभाषी राज्यात राहतात. बडोदे संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० रोजी ते गुजरातेत गेले. बडोद्यावर आमचा दावा नाही. तो मुलूखच गुजरातीचा. आमची मागणी महाराष्ट्राला लागून असलेल्या मराठी गावांची आहे. परंतु अल्पसंख्य भाषिकांनी आपली अस्मिता कशाच्या बळावर टिकवावी, हा प्रश्न दोहोंपुढे सारखाच आहे.

त्याचे उत्तर बडोद्यानेच एकदा देऊन ठेवले आहे. जुम्मादादा हे त्या शहरातील मुसलमान वस्ताद. त्यांच्या आखाड्याचा वारसा चालविला तो त्यांच्या हिंदू मराठी शिष्याने, राजरत्न प्रोफेसर माणिकरावांनी. शिष्याची कीर्ती देशभर पसरली. तरी संस्थेवर त्याने नाव ठेवले ते गुरूचेच. जुम्मादादा व्यायाम मंदिर या नावानेच ती संस्था ओळखली जाते, आणि त्याच आवारात सार्वजनिक गणेशोत्सवाची परंपरा विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आली. मुसलमान उस्तादाच्या नावाच्या मांडवात गजाननाची आरती होते, म्हणून ना त्या उस्तादाचा दीन बाटला, ना गजाननाचे देवपण उणे झाले! श्रद्धा ही अशी भरभक्कम असते. जिला शेजाऱ्याच्या द्वेषाचा टेकू लागतो, ती श्रद्धा नव्हे; तो निव्वळ राजकारणाचा सौदा होय.

आणि हा सौदा सीमाभागात आपल्याला किती महाग पडला, याचा हिशेब आता मांडलाच पाहिजे. १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगावात गोळीबार झाला तेव्हा मराठी माणूस एका हाकेसरशी रस्त्यावर आला होता. संयुक्त महाराष्ट्राच्या व्यासपीठावर कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्षाचे आणि हिंदुमहासभेचे लोक मांडीला मांडी लावून बसले. शाहीर अमर शेखांच्या डफावर हजारो मराठी मने पेटली. त्या शाहिराचा धर्म कोणता, हे कोणी विचारले नाही. आज काय आहे? २०१८ आणि २०२३ अशा दोन विधानसभा निवडणुकांत महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही उमेदवार निवडून आला नाही. आमची आपसांतील फाटाफूट हे त्याचे पहिले कारण, हे आम्ही आडपडद्यावाचून कबूल करतो. परंतु दुसरेही कारण आहे. ऐन मतदानाच्या वेळी आपल्यापुढे देव उभा केला जातो आणि भाषेचे मत धर्माच्या नावे काढून घेतले जाते. पक्ष कोणताही असो, निवडणूक सरली की शाळेचा, सातबाऱ्याचा आणि मराठी फलकाचा प्रश्न होता तेथेच पडून राहतो.

खटला अद्याप संपलेला नाही. १९६७ सालच्या महाजन अहवालाने जो अन्याय केला, त्याविरुद्ध दाद मागण्यासाठी महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला; त्याचा निकाल अजून व्हावयाचा आहे. न्यायालय पुरावा मागते, आणि आपला पुरावा एकच: येथील लोकांची भाषा आणि त्या भाषेवरील त्यांचा अढळ निश्चय. तो निश्चय हिंदू मराठ्याचा, मुसलमान मराठ्याचा, ख्रिस्ती मराठ्याचा असा वाटून घेता येत नाही. वाटला की तो उरत नाही.

सीमाबांधवांनो, देव देव्हाऱ्यात असावा, मनात असावा, मिरवणुकीतही आनंदाने असावा. त्याला मतपेटीत कोंडू नका. पुढच्या गणेशोत्सवात आपल्या गल्लीच्या मांडवात आरतीला उभे राहाल, तेव्हा शेजारच्या मराठी बोलणाऱ्या मुसलमानालाही प्रसादाला बोलवा. पाणीगेटच्या त्या रात्रीला सीमाभागाने द्यावयाचे उत्तर हेच. आणि विस्कटलेली मराठी एकजूट पुन्हा सांधण्याचा आरंभही तेथूनच व्हावयाचा आहे.