सिनियर कोणाला म्हणतात?



"मुलाला पुण्यात नोकरी लागून चार वर्षे झाली. पगार बरा आहे, पण अजून 'सिनियर' का झाला नाही?" हा प्रश्न बारामती-इंदापूर भागातले आई-वडील हल्ली वरचेवर विचारतात. कुणाचे गॅरेज असते, कुणाची दोन एकर शेती, कुणाचे कापडाचे दुकान. शैक्षणिक कर्ज काढून मुलांना इंजिनिअर केलेले असते. हिंजवडीच्या ऑफिसात नेमके काय चालते हे मात्र त्यांना कुणी सांगितलेले नसते, म्हणून आज तेच पाहू.

शाळेत किंवा सरकारी कचेरीत ज्येष्ठता बरीचशी हजर झाल्याच्या तारखेवर ठरते. सॉफ्टवेअरमध्ये तसे नाही. तिथे ट्रेनी, सॉफ्टवेअर इंजिनिअर, सिनियर, लीड अशा पायऱ्या असतात. कंपनीगणिक नावे बदलतात. एकच वर्ष पाच वेळा गिरवणारा मागे राहतो आणि तीन वर्षांत जबाबदारी पेलायला शिकलेला वर जातो.

आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा छत्रपती, असे साखर कारखाने आहेत. उसाची गाडी काट्यावर येते. भरलेल्या गाडीचे वजन होते, ऊस उतरला की रिकाम्या गाडीचे होते, आणि फरकाइतका ऊस शेतकऱ्याच्या नावावर चढतो. समजा, काट्याची पावती छापणारा प्रोग्राम लिहायला सांगितला. ज्युनियर सांगितले तेवढे बरोबर लिहील. वजाबाकी होईल, पावती निघेल.

सिनियर लिहायला बसण्याआधी विचारेल : मध्येच वीज गेली तर अर्धवट राहिलेल्या नोंदीचे काय? एकच गाडी चुकून दोनदा नोंदली गेली तर? इंटरनेट बंद असेल तर रांग थांबवायची का? चुकलेला आकडा दुरुस्त करण्याचा अधिकार कुणाला, आणि तो कुणी, कधी बदलला याची नोंद कुठे राहील? ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे मिळायला हवेत. म्हणजे त्या छोट्या पावतीवर एका घराचा वर्षाचा हिशेब उभा आहे. हे ज्याला दिसते, त्याला सिनियर म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर त्याला कामातली अमानत कळलेली असते.

बाकीच्या गोष्टी यातूनच येतात. दुसऱ्याने लिहिलेला जुना कोड न कंटाळता वाचणे. आपले काम सहकाऱ्याकडून तपासून घेताना राग न मानणे, आणि दुसऱ्याचे तपासताना त्याला कमी न लेखणे. "दोन दिवसांत होईल" असे खूश करणारे उत्तर न देता, खरोखर लागतील तेवढे दिवस सांगणे. अडले तर वेळेवर विचारणे. सोप्या इंग्रजीत स्पष्ट मेल लिहिणे. आणि नव्या मुलाला शिकवणे. फ्रेडरिक ब्रुक्स या अमेरिकन तज्ज्ञाने १९७५ साली लिहिले, की उशीर झालेल्या प्रकल्पावर आणखी माणसे घातली तर तो आणखी लांबतो, कारण नव्यांना समजावण्यातच जुन्यांचा वेळ जातो. म्हणून चांगला समजावणारा माणूस कंपनीला मोलाचा वाटतो. उस्ताद-शागिर्दीची परंपरा असलेल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको.

'अल्गोरिदम' हा शब्द ज्यांच्या नावावरून आला, ते मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी नवव्या शतकात बगदादच्या बैतुल हिकमतमध्ये काम करत होते. त्यांचा बीजगणिताचा ग्रंथ वारसाहक्काची वाटणी, व्यापार, जमिनीची मोजणी अशा लोकांच्या रोजच्या अडचणी सोडवण्यासाठी लिहिला गेला. आधी माणसाची अडचण, मग गणित. हा क्रम आजच्या डेव्हलपरलाही तितकाच लागू आहे.

आता घरच्यांविषयी. स्थळ बघताना पहिला प्रश्न 'पॅकेज किती?' असतो. त्या दबावाखाली मुले दर वर्षाला कंपनी बदलतात. पगार वाढतो, पण आपणच लिहिलेला प्रोग्राम दोन वर्षांनी कुठे मोडतो आणि कसा दुरुस्त करायचा, हा धडा हुकतो. नोकरी बदलण्यात गैर काही नाही, मात्र बदलताना पगाराबरोबर "तिथे शिकायला काय मिळेल?" हेही विचारावे.

मुलींच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक आहे. ज्युनियरची सिनियर होण्याची वर्षे साधारण तिसरे ते सहावे. नेमका तोच काळ निकाहचा आणि पहिल्या बाळंतपणाचा. "आता नोकरी कशाला?" असे सहज म्हटले जाते आणि चार वर्षांची मेहनत पायरीच्या तोंडाशी थांबते. २०२० च्या लॉकडाऊननंतर घरून काम करण्याची सोय काही कंपन्यांत राहिली आहे. बारामतीत किंवा इंदापुरात सासरी राहूनही हे काम होऊ शकते. लागते ती एक शांत खोली, बरे इंटरनेट आणि कामाच्या तासांत तिला हाक न मारणारे घर. याची बोलणी निकाहच्या आधी, दोन्ही घरांनी मिळून, मोकळेपणाने करावी.

आणखी एक गोष्ट. साधा कोड आता एआयची साधने क्षणात लिहून देतात. त्यामुळे फक्त सांगितले तेवढे लिहिणाऱ्याची गरज कमी होणार आहे. तो कोड बरोबर आहे का, कुठे दगा देईल, हे ओळखणारा लागणारच. म्हणून नोकरीतल्या मुलामुलींनी एक वही ठेवावी. दर आठवड्याला कोणती चूक सापडली, तिचे मूळ कशात होते, ती पुन्हा होऊ नये म्हणून काय केले, हे चार ओळींत लिहावे. वर्षाच्या शेवटी साहेबांपुढे बढतीची गोष्ट काढताना हीच वही बोलेल.

आणि आई-वडिलांनी सुट्टीला आलेल्या लेकराला पगाराआधी एवढेच विचारावे : "बेटा, तुझ्या कामाने कुणाचे काय सोपे झाले?" ज्या दिवशी तो किंवा ती याचे उत्तर अडखळल्याशिवाय, आपल्याला कळेल अशा भाषेत देईल, त्या दिवशी सिनियरपद फार दूर नसेल, इन्शाअल्लाह.