हौसेला मोल असतं, राव!

'गाडी मॉडिफाय केलीय' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं, ते वेगळं सांगायला नको. फटाके फोडणारा सायलेन्सर, काळ्या काचा, 'दादा' वाचता येईल असा नंबर, आणि रात्री अकरानंतर कॅम्पसच्या मागच्या रस्त्यावर 'चल, होऊन जाऊ दे'. कुणी हटकलंच तर उत्तर ठरलेलं. हौसेला मोल नसतं!

साफ खोटं आहे ते. हौसेला मोल असतं आणि ते कुणीतरी भरतंच. प्रश्न एवढाच, की ज्याची हौस तोच भरतो, की रस्त्याच्या कडेने घरी निघालेला कुणी तिसराच. स्वतःच्या खिशातून पैसे घालून शनिवार-रविवार रेस करणाऱ्या हौशी ड्रायव्हर्सची एक अख्खी दुनिया आहे. तिथेही गाड्या मॉडिफायच केलेल्या असतात. पण ते मोल कोण आणि कसं भरतो, हे बघितलं की आपल्या 'होऊन जाऊ दे'तला पोकळपणा जाणवतो.

'हौशी' हा शब्द मुद्दाम वापरलाय. इंग्रजीतल्या 'अमॅच्युअर'च्या मुळाशी लॅटिनमधलं 'प्रेम करणं' आहे. आपल्याकडची हौशी रंगभूमी म्हणजे तेच. पुरुषोत्तम करंडकासाठी ज्यांनी रात्र रात्र तालमी केल्यात, त्यांना हे लगेच कळेल. महिनोन् महिने राबायचं, मिळणार तासाभराचा अवकाश, आणि त्यातही नंबर येईलच असं नाही.

अमेरिकेतल्या या हौशी मंडळींची लाडकी गाडी म्हणजे माझदा मियाटा. १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती पहिल्यांदा दिसली. दोन सीट, उघडणारं छप्पर, १.६ लिटरचं इंजिन, वजन टनभर. ताकद म्हणाल तर ११६ हॉर्सपॉवर. आज आपल्याकडची टर्बो इंजिनची एखादी कॉम्पॅक्ट एसयूव्हीसुद्धा तेवढी देते. म्हणजे कागदावर बघून कुणी 'वॉव' म्हणावं असं काही नाही. तरी २०१६ मध्ये या गाडीने दहा लाखांचा आकडा गाठला, कारण ती हलकी आहे, स्वस्त आहे आणि ड्रायव्हरने केलेली प्रत्येक चूक त्याला ताबडतोब कळवते.

जुन्या मियाटा घेऊन 'स्पेक मियाटा' नावाचा क्लास चालतो. स्पेक म्हणजे नेमून दिलेलं. सस्पेन्शनचा किट सगळ्यांना एकच, टायर एकाच प्रकारचे, आणि इंजिनात करामती करायला जवळजवळ बंदी. ड्रायव्हरसकट गाडीचं किमान वजन ठरलेलं. रेस संपली की गाडी थेट काट्यावर. वजन कमी भरलं तर निकाल गेला. म्हणून बारीक अंगाचे ड्रायव्हर गाडीच्या तळाला शिशाच्या किंवा लोखंडी पट्ट्या बोल्टने बसवून घेतात! पैशाचा फरक तरीही पडतो, हे कबूल केलं पाहिजे. प्रत्येक रेसला नवे टायर घेणारा आणि तेच टायर तीन वीकेंड पुरवणारा सारखे नसतात. पण खांद्याला खांदा लावून वळणात शिरल्यावर समोरचा पुढे गेला, तर 'त्याची गाडी भारी आहे' हे सांगायची सोय उरत नाही.

मग मॉडिफाय काय करतात? पहिला खर्च होतो गाडीच्या आतला पिंजरा वेल्ड करण्यावर. जाड पोलादी नळ्यांचा रोल केज, गाडी उलटली तरी ड्रायव्हरच्या डोक्यावर छप्पर येऊ नये म्हणून. मग घट्ट रेसिंग सीट, पाच-सहा ठिकाणी बांधणारे पट्टे, खिडकीला जाळी, आग विझवायची सोय, आगीत तग धरणारा सूट. आणि मानेसाठी हान्स. हेल्मेटला जोडलेली ही खांद्यावरची पट्टी म्हणजे मिशिगनमधले बायोमेकॅनिक्सचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, माझदाच्याच गाड्या पळवणारे जिम डाउनिंग यांचं काम. बरीच वर्षं मोठमोठे ड्रायव्हर 'गैरसोयीचं आहे' म्हणून ती टाळत होते. फेब्रुवारी २००१ मध्ये डेटोनाला डेल अर्नहार्ट गेला, तेव्हा कुठे डोळे उघडले. थोडक्यात, तिथे गाडीवरचा पहिला खर्च मरू नये म्हणून होतो. आपल्याकडे पहिला खर्च होतो आवाजावर.

आवाजावरून आठवलं. कॅलिफोर्नियात लगुना सेका नावाचा ट्रॅक आहे, १९५७ पासूनचा. निम्म्या पुण्याचे चुलतभाऊ राहतात त्या सॅन होजेहून तास-सव्वा तासावर. ३.६ किलोमीटर, अकरा वळणं. त्यातलं आठवं म्हणजे कॉर्कस्क्रू. चढ चढून वर यावं तर समोर रस्ता नाही, फक्त आकाश. डावीकडे वळायचं आणि वळता वळताच पाच मजली इमारतीइतकं खाली कोसळायचं, लगेच उजवीकडे. तर या जगप्रसिद्ध ट्रॅकवर बहुतेक दिवशी डेसिबलची मर्यादा असते. आसपासच्या लोकांना त्रास होतो म्हणून. कडेला मीटर लावलेला असतो आणि गाडी जास्त ओरडली की तिला काळा झेंडा दाखवून आत बोलावतात. जिथे रेस हाच धंदा आहे, तिथे ही गत. आणि आपण हॉस्पिटलसमोर फटाके फोडत जाणार, मग पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोड रोलर फिरवला की रील शेअर करून हळहळणार.

अशा ट्रॅकवरचा वीकेंड सिनेमातल्यासारखा अजिबात नसतो. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर ट्रेलरला गाडी बांधून निघायचं. पॅडॉकमध्ये तंबू टाकायचा. मग टेक इन्स्पेक्शन. गाडीचं लॉगबुक, पट्ट्यांवरची मुदत, हेल्मेटचं रेटिंग, सगळं तपासून स्टिकर मिळाला तरच पुढे. ड्रायव्हरचीही तीच कथा. आधी मेडिकल, मग ड्रायव्हर स्कूल, मग नवशिक्याच्या परमिटवर रेस, मग पक्कं लायसन्स. शनिवारी प्रॅक्टिस, क्वालिफाइंग, रेस. रविवारी पुन्हा. दोन दिवसांत गाडी ट्रॅकवर असते फार तर दोनेक तास. बाकी वेळ टायरमधली हवा मोजणं, चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा पुन्हा आवळणं, ब्रेक ऑइल बदलणं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पिऊन घेतं, सारखं ब्रेक मारून तापलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पाय थेट तळाला जातो. कॉर्कस्क्रूच्या तोंडावर हे झालं तर काय होईल, याची कल्पना केलेली बरी. शेजारच्याचा ब्रेक पॅड संपला तर आपल्याकडचा जास्तीचा काढून द्यायचा, आणि तासाभराने त्याच्याचकडून हरायचं. हे सगळं कशासाठी? चौदाव्या नंबरसाठीच्या मारामारीसाठी. पहिला आला तरी हाती एक पाटी किंवा कप. गाडी भिंतीला घासली तर नेहमीचा विमा रेसिंगला लागू नाही. तो आपल्याकडेही नसतो, बरं का.

पण मला या सगळ्यात खरे हिरो वाटतात ते ट्रॅकच्या कडेला झेंडे घेऊन उन्हात उभे असलेले मार्शल. आपल्या बॅकस्टेजवाल्यांची जातकुळी. क्लब रेसिंगमध्ये हे बहुतेक सगळे स्वयंसेवक. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, भान ठेव. काळा म्हणजे आत ये, बोलायचंय. ताशी दीडशेच्या वर जाणारा माणूस, डोक्यात सणक गेलेली, समोरच्याला गाठायला दोन फूट बाकी, आणि एक पगार नसलेली व्यक्ती कापडाचा पिवळा तुकडा हलवते. तो थांबतो. पुढे जात नाही. गेला तर शिक्षा होते हे खरंच, पण त्यापेक्षा मोठी गोष्ट ही की पुढच्या वळणावर जो अडकलाय तो काल रात्री आपल्या शेजारच्या तंबूत होता. घाटात डबल लाइनवर ओव्हरटेक करताना समोरून येणारा आपल्याला माणूस वाटतो का, विचारून बघा स्वतःला.

अमेरिकेतल्या पोर्शे क्लबच्या रेसिंगमध्ये 'तेरा-तेरा' नावाचा नियम आहे. तुमच्या चुकीने दुसऱ्या गाडीला धक्का लागला, तर तेरा महिने तुम्ही नजरेखाली. त्या काळात दुसऱ्यांदा तुमचीच चूक ठरली, तर तेरा महिने रेस बंद. तुम्ही कोण, गाडी केवढ्याची, वडील काय करतात, हे कुणी विचारत नाही. पोर्शे म्हटल्यावर तुमच्या मनात जे आलं, तेच माझ्याही आलं. १९ मे २०२४, पुण्याचं कल्याणीनगर, बाइकवरून निघालेले दोन तरुण इंजिनीअर ठार. ती काही रेस नव्हती आणि तो खटला न्यायालयाचा विषय आहे, त्यात शिरत नाही. पण अपघाताबद्दल ३०० शब्दांचा निबंध लिहायची ती जामिनाची अट आठवा. हौशी लोकांचा एक क्लब बंपरला आलेल्या पोच्याबद्दल तेरा महिने हिशेब ठेवतो, आणि दोन माणसं गेल्यावर आपल्या यंत्रणेला पहिल्यांदा सुचतो तो निबंध!

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, पण आम्ही जायचं कुठे? हा प्रश्न रास्त आहे आणि मोठी माणसं त्याला सोयीस्कर बगल देतात. आपल्या देशात हे काम काही क्लबांनी आणि वेड्या माणसांनी केलंय. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबवाले आधी शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर रेस घ्यायचे, मग १९९० मध्ये त्यांनी श्रीपेरुंबुदूरजवळ स्वतःचा ट्रॅक उभा केला. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुतीचं इंजिन घालून 'फॉर्म्युला मारुती' बनवली. आपल्या पोरांना परवडेल अशी रेस कार. पुढे फॉर्म्युला वनपर्यंत गेलेला नारायण कार्तिकेयन सुरुवातीला त्याच गाड्यांमध्ये घडला. कोइम्बतूरचा कारी ट्रॅक त्यांच्याच नावाचा. आपल्याकडे कोल्हापूरने हे वेड जपलंय. कृष्णराज महाडिक तिथूनच ब्रिटनच्या फॉर्म्युला थ्री मालिकेपर्यंत पोचला, ध्रुव मोहिते फोक्सवॅगनच्या कपमध्ये पळाला. आणि मुंबई-पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजांतल्या टीम स्वतः वेल्ड केलेली गाडी घेऊन फॉर्म्युला भारतसाठी कोइम्बतूर गाठतातच. हजार किलोमीटरहून जास्तीचा प्रवास, ट्रॅकवर मोजका वेळ.

बाकीच्यांच्या वाट्याला उरतो मोटार वाहन कायदा. गाडीच्या मूळ रचनेत बदल केला तर कलम ५२ आडवं येतं. रस्त्यावर रेस लावली तर कलम १८९, पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. असायलाच हवं. पण त्याच कलम १८९ मध्ये 'राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय' असे शब्द आहेत. म्हणजे संमतीची खिडकी कायद्याने स्वतःच ठेवलीय. तामिळनाडू सरकारने २०२४ मध्ये चेन्नई शहरातल्या रस्त्यांवर फॉर्म्युला फोरची रेस होऊ दिली. आणि आपलं सरकार? बैलगाडा शर्यतीसाठी ते वर्षानुवर्षं सुप्रीम कोर्टात भांडलं, कायद्यात दुरुस्ती केली, परवानगीचे नियम केले आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाकडून जिंकून आलं. बैलांच्या वेगासाठी नियम लिहिता येतात, तर पोरांच्या वेगासाठी का नाही?

आणि लगेच लगुना सेका कुणी मागत नाहीये. ऑटोक्रॉसला ट्रॅक लागत नाही. एक मोठं बंदिस्त डांबरी मैदान, शंभरेक कोन, घड्याळ, अॅम्ब्युलन्स. एका वेळी एकच गाडी पळते, स्पर्धा वेळेशी. कुणाला घासायचा प्रश्नच नाही, आणि दुसऱ्या गिअरच्या वर फारसं जावं लागत नाही. कॉलेजची रेसिंग टीम, एखादा जाणकार क्लब आणि जिल्हा क्रीडा अधिकारी एका टेबलाशी बसले तर महिन्यातून एक रविवार निघू शकतो. मार्शल म्हणून आपणच पाळीपाळीने उभं राहायचं. अर्धा दिवस झेंडा धरला तरच अर्धा दिवस गाडी, असा नियम ठेवा हवं तर.

पहिल्या रविवारी टेक इन्स्पेक्शनलाच बऱ्याच गाड्या परत जातील. कुणाचे टायर गुळगुळीत, कुणाचे ब्रेक पॅड संपलेले, कुणाची बॅटरी सुतळीने बांधलेली, आणि सायलेन्सर तर विचारूच नका. जाऊ देत. पुढच्या महिन्यात दुरुस्त करून येतील.