कडुनिंब वाचला, धौचे काय?



कडुनिंबाचे पेटंट आपण कसे हाणून पाडले, ही कथा आपल्याकडे अधूनमधून छापून येते. यावीच. कडुनिंबाच्या तेलापासून केलेल्या बुरशीनाशकावर ग्रेस ही कंपनी आणि अमेरिकेचे कृषी खाते यांनी मिळवलेले पेटंट म्युनिकच्या युरोपीय पेटंट कार्यालयाने 2000 मध्ये रद्द केले आणि 2005 मध्ये अपीलही फेटाळले. पण त्या 2000 च्या निकालात वजन पडले ते अभय फडके यांच्या साक्षीचे. पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर 1985-86 मध्येच तसे प्रयोग झाले होते, हे त्यांनी सांगितले. थोडक्यात, म्युनिकला उपयोगी पडले ते आजीचे दातवण नव्हे, तारीखवार सांगता येणारा प्रयोग.

हा धडा सरकारने घेतला. हळदीचे अमेरिकी पेटंट 1997 मध्ये रद्द करून घेणाऱ्या सीएसआयआरने, म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, 2001 पासून पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभे केले. त्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध, योग यांच्या ग्रंथांतले ज्ञान आहे. म्हणजे जे पोथीत आहे, ते. जे पोथीत नाही, त्याचे काय?

सीएसआयआरच्या रफी मार्गावरच्या मुख्यालयातून निघालात तर तासा-दीड तासात गुडगाव-फरीदाबाद रस्त्यावरच्या मांगर गावी पोचाल. तिथल्या बनीत, आपल्या भाषेत देवराईत, गुदडिया दास बाबाच्या धाकाने गुज्जरांनी धौची झाडे पिढ्यान् पिढ्या तोडलेली नाहीत. धौ म्हणजे आपल्या धावड्याचा भाऊबंद. बनीबाहेर, शेळ्यांनी ओरबाडलेला धौ पाहिला तर झाड म्हणवत नाही, खडकावर चिकटलेली सतरंजी वाटते. बनीत तोच धौ उतारावर ताठ उभा असतो. बियाण्यापासून तो सहजी उगवत नाही, मुळांतून फुटवे काढून पसरतो. वनस्पतिशास्त्र हे सांगते, आणि माझ्यासोबत चाललेला गुराखीही काठीने खडकाच्या फटीकडे खूण करून तेच सांगत होता. फरक इतकाच की त्याची नोंद कुणी घेतली नाही. उलट दिल्लीच्या रिज नावाच्या टेकड्यांवर इंग्रजांनी लावलेली विलायती कीकर, म्हणजे आपली वेडी बाभूळ, हटवून देशी झाडे लावायची म्हणून आता खर्च होतो आहे; ती कशी रुजतात हे मात्र गुराख्याला कुणी विचारत नाही.

कुणी म्हणेल, मग लिहून काढा की! इतके सोपे नाही. जैवविविधता कायद्यात 2023 मध्ये झालेल्या दुरुस्तीने 'संहिताबद्ध' ज्ञान वापरणाऱ्यांना लाभवाटणीतून सूट दिली. संहिताबद्ध म्हणजे औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातल्या ग्रंथांतले. तेव्हा हिरडा ग्रंथात आहे, म्हणून तो वेचणाऱ्याचा वाटा कंपनीने द्यायलाच हवा असे नाही! परदेशी चोरापासून जे ग्रंथ राखण करतात, तेच घरात दार उघडे ठेवतात. या सुटीचे समर्थन वैद्यांच्या सोयीच्या नावाखाली होते. गावच्या वैदूपुरती ती असती तर माझी तक्रार नव्हती.

मार्ग कायद्यातच आहे. लोक जैवविविधता नोंदवही गावसमितीने करायची आहे. पण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 31 जानेवारी 2020 ची मुदत आणि राज्यांना महिना 10 लाखांचा दंड लावल्यावर वह्या भरण्याची जी घाई उडाली, तिच्यात गुराख्याशी कोण बोलत बसणार? वर्तक आणि गाडगीळ या अभ्यासकांनी 1970 च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया पायी फिरून नोंदल्या. तेवढे कष्ट दिल्लीभोवतीही हवेत: गावाची लेखी संमती, सांगणाऱ्याचे नाव, त्याच्याच बोलीतले झाडाचे नाव, आणि 2023 च्या सवलतीचा फेरविचार.

मांगरच्या नोंदवहीची मागणी मी स्थानिक कार्यालयात दोनदा केली. दुसऱ्यांदा मला फॉर्मची कोरी प्रत मिळाली.

— एक वाचक, फरीदाबाद