प्रकार अनेक, डोस तीन

पावसाळा सरला की भीमाशंकरच्या डोंगरपट्ट्यातील आरोग्य यंत्रणा सुटकेचा निःश्वास टाकते. जून ते सप्टेंबर गढूळ पाणी, विहिरीत टीसीएल पावडर टाकणे, पाण्याचे नमुने, गॅस्ट्रोची साथ यांत जातात. मग हवा कोरडी होते, झरे निवळतात आणि गॅस्ट्रोचा हंगाम संपला असे सगळे धरून चालतात. पण डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत दीड वर्षाचे मूल अचानक उलट्या करू लागते, अंग तापते आणि काही तासांत पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. घरातल्या मोठ्यांना काही झालेले नसते. विहिरीच्या पाण्यातही दोष सापडत नाही. अशा वेळी दात येत असतील, बाधले असेल, नजर लागली असेल, असे म्हणत एक दिवस जातो. एवढ्या लहान मुलाच्या बाबतीत तो एक दिवसच महत्त्वाचा असतो.

या थंडीतल्या जुलाबांमागे अनेकदा रोटाव्हायरस असतो. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये आजारी मुलांच्या आतड्याच्या तुकड्यात तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. चाकासारखा दिसतो म्हणून त्याला हे लॅटिन नाव मिळाले. पाच वर्षांचे होईपर्यंत जगातील जवळजवळ प्रत्येक मुलाला त्याची एकदा तरी लागण होते. श्रीमंत देशांतील स्वच्छ नळाचे पाणी पिणारी मुलेही त्यातून सुटली नाहीत. विषाणूचे अगदी थोडे कण लागणीला पुरतात आणि ते हातांवरून, खेळण्यांवरून, कपड्यांवरून तोंडात जातात. म्हणून शुद्ध पाणी हवेच, पण या रोगापुरते ते एकटे पुरत नाही. लस सरकारी लसीकरणात येण्यापूर्वीच्या अंदाजानुसार भारतात दरवर्षी पाच वर्षांखालील सुमारे ७८ हजार मुले या विषाणूने दगावत आणि पावणेनऊ लाखांच्या आसपास मुलांना रुग्णालयात दाखल करावे लागे.

हा विषाणू एकाच रूपात राहत नाही. त्याची जनुकीय सामग्री ११ सुट्या तुकड्यांत असते. त्याच्या बाहेरील आवरणावर दोन प्रथिने असतात. एकावरून ‘जी’ आणि दुसऱ्यावरून ‘पी’ असा त्याचा प्रकार ठरतो. जी १–पी ८, जी २–पी ४, जी ९–पी ८, जी १२–पी ६ ही नावे त्यातूनच आली. एकाच मुलाच्या आतड्यात एकाच वेळी दोन प्रकार शिरले, तर त्यांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच प्रकार तयार होऊ शकतो. गायी-गुरांचेही स्वतःचे रोटाव्हायरस असतात आणि त्यांचे तुकडे कधी कधी माणसाच्या विषाणूत येऊन बसतात. ज्या भागात गोठा घराला लागून असतो आणि रांगणारे मूल तिथेच खेळते, तिथे ही शक्यता विसरता येत नाही.

गंमत अशी की, भारताची पहिली देशी रोटा लस अशाच एका सरमिसळीतून मिळाली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९८५-८६ च्या सुमारास काही नवजात बालकांच्या विष्ठेत रोटाव्हायरस सापडला, पण ती बालके आजारी नव्हती. डॉ. महाराज किशन भान यांच्या गटाने त्या विषाणूचा पाठपुरावा केला. तो माणसाचा विषाणू होता, पण त्याचा एक तुकडा गुरांच्या विषाणूचा होता. त्यापासून बनलेल्या लसीची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यातील वढू येथे झाली. तिन्ही ठिकाणी मिळून ६,७९९ बालके त्यात होती. भीमाशंकरला उगम पावणाऱ्या भीमेच्या खोऱ्यातच, पुढे सपाटीवर, वढू आहे. या चाचणीत पहिल्या वर्षातील रोटाचा तीव्र आजार निम्म्याहून थोडा अधिक कमी झाला. लसीतील प्रकार गावात फिरणाऱ्या प्रकारांहून वेगळा असूनही संरक्षण मिळाले, ही त्यातली मोलाची गोष्ट. वेल्लोरच्या बालकांवरील दीर्घ अभ्यासानेही हेच सुचवले होते. नैसर्गिक लागणीतून येणारी प्रतिकारशक्ती फक्त त्याच प्रकारापुरती राहते, असे तिथे आढळले नाही.

तेव्हा विषाणू रूपे बदलतो म्हणून लस वाया गेली, हा समज चुकीचा आहे. पण लस आली म्हणून लक्ष काढून घ्यावे, हेही तितकेच चुकीचे. युरोप-अमेरिकेत रोटा लसी तीव्र आजारापासून ८५ टक्क्यांहून अधिक संरक्षण देतात. आपल्याकडे ते निम्म्याच्या आसपास राहते. कुपोषण, आतड्याला वारंवार होणारे संसर्ग, आईकडून आलेली प्रतिपिंडे अशी कारणे त्यामागे सांगितली जातात. वेल्लोरच्या अभ्यासात तीन वेळा लागण होऊन गेल्यावरही पुढच्या मध्यम ते तीव्र आजारापासूनचे संरक्षण ७९ टक्केच होते. मेक्सिकोतील मुलांना दोन लागणींतच पूर्ण संरक्षण मिळाले होते. संरक्षणाची भिंत आधीच अशी ठेंगणी असेल, तर समोर कोण उभे आहे हे पाहत राहावे लागते. देशात एके काळी जी १–पी ८ सर्वाधिक आढळे. गेल्या दशकात तो मागे पडून जी ३–पी ८ पुढे आला. हा बदल विष्ठेचे नमुने वर्षानुवर्षे तपासले गेले म्हणूनच कळला.

प्रश्न इथेच आहे. हे नमुने प्रामुख्याने मोठ्या शहरी रुग्णालयांत दाखल झालेल्या मुलांचे असतात. आहुपे खोऱ्यातील किंवा जुन्नरच्या पश्चिम भागातील महादेव कोळी, ठाकर कुटुंबाचे मूल त्या यादीत येण्यासाठी आधी पुण्यापर्यंत पोहोचायला हवे. बहुतेक मुले तळेघरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, घोडेगाव किंवा जुन्नरच्या ग्रामीण रुग्णालयात, फार तर मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात सलाईन घेऊन बरी होतात. काही तिथेही पोहोचत नाहीत. कागदावर नोंद होते ती ‘जुलाब-उलट्या’ एवढीच. उपचार बदलत नसल्याने विषाणू तपासला जात नाही, आणि त्या डॉक्टरांचे यात काहीच चुकत नाही. पण वजन कमी असलेली, गुराढोरांजवळ वाढणारी, डोस उशिरा मिळणारी ही मुले शहरातील मुलांसारखी नाहीत. शहरातल्या नमुन्यांवरून त्यांच्याबद्दल निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

खरे तर पुणे जिल्ह्याइतकी अनुकूल स्थिती क्वचितच असेल. विषाणूचे प्रकार ओळखणारी राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था पुण्यात आहे. एका लसीची चाचणी याच जिल्ह्यात झाली. दुसरी रोटा लस बनवणारी सीरम इन्स्टिट्यूट हडपसरला आहे. मंचर, घोडेगाव आणि जुन्नर येथे दाखल होणाऱ्या पाच वर्षांखालील मुलांचे थोडे नमुने, लसीच्या डोसांच्या नोंदीसह, शीतपेटीतून दर पंधरवड्याला पुण्याला पाठवणे अवघड नाही. किमान दोन हिवाळे हे सातत्याने झाले, तर डोंगरात कोणते प्रकार फिरतात आणि लस घेतलेल्या मुलांना तीव्र आजार किती होतो, हे अंदाजाने सांगावे लागणार नाही.

त्याआधी डोस पूर्ण व्हायला हवेत. राज्यात २०१९ मध्ये ही लस नियमित लसीकरणात आली. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात ती तोंडावाटे मोफत दिली जाते. पण बाळंतपण माहेरी, घर डोंगरात आणि मजुरी नारायणगाव-मंचरच्या बागायती पट्ट्यात, अशी ज्या आईची ओढाताण असते, तिच्या बाळाचा तिसरा डोस तीन गावांच्या मध्ये हरवतो. गावच्या आशाताईंच्या वहीत ते बाळ ‘बाहेरगावी’ असते आणि जिथे ते असते तिथल्या वहीत त्याचे नावच नसते. माता-बाल संरक्षण कार्ड आईजवळ असेल, तर कोणत्याही गावच्या लसीकरण सत्रात पुढचा डोस मिळू शकतो, हे तिला सांगितले गेले पाहिजे. मजुरांच्या मुक्कामाच्या जागी सत्र लावणे ही यंत्रणेची जबाबदारी आहे. पहिला डोस चुकला असला, तरी वर्षाच्या आत तो सुरू करता येतो.

आणि मूल आजारी पडलेच, तर विषाणू जी १ आहे की जी ३, याने घरच्यांचे काम बदलत नाही. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवायचे आणि दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्याने पाजायचे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करायचे. अंगावरचे दूध आणि जेवण बंद करायचे नाही. झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी १४ दिवस द्यायच्या. प्रतिजैविकांचा विषाणूवर उपयोग होत नाही. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश पूर्ववत झाली, मूल मलूल झाले किंवा पाणीही पिईना, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. रात्री गाडी मिळत नसेल, तर १०८ क्रमांक आहे.

आईला विषाणूचा प्रकार माहीत असण्याची गरज नाही. आरोग्य खात्याला मात्र तो माहीत असायलाच हवा, आणि तो केवळ शहरातल्या मुलांचा असून चालणार नाही. पुढचा हिवाळा येण्याआधी नमुन्यांची ही सोय झाली आणि हरवलेले तिसरे डोस शोधले गेले, तर ज्या जिल्ह्यात लस तपासली गेली आणि बनते, त्याच जिल्ह्याच्या डोंगरातील मुलांनाही तिचा पुरता लाभ मिळेल.