भिशीचे पैसे आणि गाडीचा ‘फुस्स’

इशाची नमाज झाली की आमची कोंढव्यातली गल्ली जरा शांत होते. त्या शांततेत खालून आवाज आला, प्रेशर कुकरची शिट्टी अर्धवट सोडावी तसा. फुस्स! शेजारच्या बाळाने भोकाड पसरलं. गॅलरीतून वाकून पाहिलं तर माझा भाचा गाडीतून उतरत होता, चेहऱ्यावर ईदचा आनंद. “खाला, ऐकलं का? डंप व्हॉल्व्ह बसवला!”

गाडी सेकंडहँड, डिझेलवरची. मुलगा बावीस वर्षांचा, चाकणला कंत्राटावर काम करतो आणि गाडीचा हप्ता स्वतः भरतो, त्याचं मला कौतुकच आहे. व्हॉल्व्हचे साडेसहा हजार मात्र त्याच्या अम्मीच्या भिशीतून आले होते. “सर्व्हिसिंग करायचंय” असं सांगून. हे घरात कळलं दोन आठवड्यांनी, आणि तेही बोपदेव घाटात.

पण आधी हा व्हॉल्व्ह असतो कशासाठी ते सांगते. शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे सवय जात नाही.

टर्बोमध्ये एकाच दांड्यावर दोन चाकं असतात. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक फिरतं, मिनिटाला लाखावर फेरे घेऊ शकतं. दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. हवा जास्त मिळाली की इंधन जास्त जाळता येतं आणि लहान इंजिनही जोर धरतं. पेट्रोल गाडीत या हवेच्या वाटेवर थ्रॉटल नावाची झडप असते. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ती मिटते, पण टर्बोचं चाक काही लगेच थांबत नाही.

आता आमच्या शाळेतली दुपार डोळ्यांपुढे आणा. मुलं खिचडीसाठी धावत निघाली आहेत. व्हरांड्यात बाईंनी त्यांना मोजलं आणि स्वयंपाकघरात तेवढ्यांची खिचडी वाढायला घेतली. तेवढ्यात जेवणाच्या खोलीचं दार मिटलं! पुढची मुलं मागच्यांवर आदळणार. टर्बोतही कोंडलेली हवा उलटी फिरून चाकावर आदळते. म्हणून बाजूला एक छोटं दार हवं. अनेक टर्बो पेट्रोल गाड्यांत कंपनीच ते देते, आणि ते उघडतं पुन्हा रांगेच्या मागच्या टोकाला. मोजलेली हवा आतच फिरत राहते, आवाजही फारसा होत नाही. बाजारातला डंप व्हॉल्व्ह हेच दार रस्त्यावर उघडतो. मुलं बाहेर पळाली, खिचडी मात्र वाढून झाली! आत येणारी हवा मोजून इंधन सोडणाऱ्या गाड्यांत असंच होतं. त्या क्षणाला इंधन जास्त पडतं, प्लगवर काजळी धरते, धूर शुद्ध करणाऱ्या कन्व्हर्टरवर ताण येतो. हवेची मोजणी न करता फक्त दाब पाहणाऱ्या गाड्यांना याचा त्रास कमी.

आणि डिझेल? तिथे इंजिनाचा जोर इंधनाच्या मापावर कमी-जास्त होतो. पाय काढला की मिटणारं पेट्रोलसारखं दारच सहसा नसतं. काही गाड्यांत झडप दिसते, पण तिचं काम वेगळं, इंजिन बंद होताना हिसका बसू नये वगैरे. म्हणजे कोंडमारा नाहीच, तर दार कशाला? पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यात बनलेली फियाटची १.३ लिटरची डिझेल इंजिनं किती तरी गाड्यांत बसली, आणि त्या या फुस्सशिवायच धावल्या. मग डिझेलच्या किटमध्ये आवाज येतो कुठून? पॅडलपाशी एक स्विच लावतात. पाय उचलला की विजेवर व्हॉल्व्ह उघडतो आणि चांगली दाबून ठेवलेली हवा सोडून देतो. पुढच्या गिअरला टर्बोने ती पुन्हा दाबायची.

बोपदेव घाटात झालं ते असं. सासवडला वलीम्याला निघालो होतो, गाडीत आम्ही पाच जण. चढावर अचानक गाडीचा जोरच गेला आणि मागे काळा धूर. मागून डंपर हॉर्न वाजवतोय, एका बाजूला दरी, माझी बहीण मोठ्याने दुआ पढतेय. व्हॉल्व्ह बसवायला हवेचा मूळ पाइप कापून मध्ये जोड घातला होता, तोच निसटला होता. दुसऱ्या गिअरमध्ये रखडत वर पोहोचलो. तिथे बहिणीने विचारलं, “सर्व्हिसिंगमध्ये हे तपासलं नाही का त्यांनी?” मुलगा गप्प. मग सगळं बाहेर आलं. त्या दिवशी वलीम्याची बिर्याणी कुणाच्या घशाखाली नीट उतरली नाही.

माझे अब्बा नाना पेठेत मेकॅनिक होते. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून ते ऐकायचे, आणि कोणतं बेअरिंग बोलतंय ते सांगायचे. गाडीतून फुस्स आवाज आला तर पाइप कुठे फाटलाय ते शोधायला लागले असते. नातू तोच आवाज पैसे देऊन आणतो!

अब्बांकडे शिकलेले एक उस्ताद अजून काम करतात. त्यांच्याकडे गाडी नेली. त्यांनी व्हॉल्व्ह काढला, नवा अखंड पाइप बसवला, पॅडलची वायर काढली. भाच्याला रागावले मात्र नाहीत. म्हणाले, पेट्रोल गाडीत कंपनीच्या व्हॉल्व्हचा रबरी पडदा फाटला, तर बाहेरचा बसवायला हरकत नाही, पण हवा आतच परतवणारा घे. स्प्रिंगही गाडीच्या दाबाला जुळणारी हवी. फार कडक असली तर वेळेवर उघडत नाही, फार सैल असली तर ऐन जोर हवा तेव्हाच गळते.

कायद्याचं मी सांगितलं, कारण ते कुणी सांगितलंच नव्हतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मनाला येतील ते बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय अपघात झाला तर न कळवलेल्या बदलावर विमा कंपनी बोट ठेवू शकते. बुलेटच्या फटाका सायलेन्सरवर पोलीस कारवाई करतात हे आमच्या मुलांना माहीत असतं, पण गाडीतला फुस्स त्यांना वेगळा वाटतो.

व्हॉल्व्ह अठराशेला विकला गेला. उरलेले चार हजार सातशे भाचा दर महिन्याला थोडे थोडे करून अम्मीच्या भिशीत भरतोय. पगाराच्या दिवशी न सांगता पैसे टेबलावर ठेवतो. बहीण मोजून घेते, आणि अजून त्याच्याशी त्या गाडीबद्दल एक शब्द बोललेली नाही.