मूत्रपिंडातील नळी आणि बुडीत मजुरी

झाडावरून पडून किंवा घाटातील अपघातात मूत्रपिंडाला मार बसला, तर बहुतेक वेळा विश्रांती व देखरेख यांवरच जखम भरून येते. दुखापत खोल असेल आणि लघवी आतल्या आत झिरपून साचू लागली, तर मात्र तिला वाट करून द्यावी लागते. त्यासाठी पाठीतून मूत्रपिंडात नळी घालून ती बाहेरच्या पिशवीला जोडतात, किंवा मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत आतूनच स्टेंट बसवितात. जव्हार-मोखाड्याच्या रुग्णाला याकरिता नाशिक वा मुंबई गाठावी लागते. आमच्या मते खरा प्रश्न तो घरी परतल्यानंतरचा आहे.

नळी तुंबते, निसटते, तिच्या वाटेने जंतू शिरतात. हुडहुडी भरून ताप आला किंवा पिशवीत लघवी येणे थांबले, तर तातडीने रुग्णालय गाठले पाहिजे. पावसाळ्यात डोलीतून रस्त्यापर्यंत येणाऱ्या पाड्यावरील रुग्णाला हे कसे साधावे? आतला स्टेंट तर याहून फसवा. तो दिसत नाही, पुष्कळदा दुखतही नाही. साधारणपणे काही आठवड्यांत, फार तर ३ महिन्यांत, तो काढावा किंवा बदलावा लागतो. तसाच राहिला तर त्यावर खडे जमतात आणि वाचविलेले मूत्रपिंडच गमावण्याची पाळी येऊ शकते. भातकापणी व दिवाळी आटोपली की येथील कित्येक कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. मुदत त्याच दिवसांत भरली, तर तारखेचा कागद घरी राहतो आणि रुग्ण भट्टीवर.

याला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. (शहरातले सुशिक्षितही स्टेंट विसरतात, ही गोष्ट वेगळी.) एका खेपेत रुग्णाची आणि सोबत्याची अशी दोघांची मजुरी बुडते, शिवाय एसटीचे भाडे. काही दुखत नसताना एवढा खर्च कोण करील? शासकीय आरोग्य योजना शस्त्रक्रियेचे बिल भागवितात, बुडालेला रोज भरून देत नाहीत.

वास्तविक आदिवासी भागात कुपोषित बालकाला रुग्णालयात ठेवावे लागल्यास पालकांना बुडीत मजुरी देण्याचे तत्त्व शासनाने पूर्वीच स्वीकारले आहे. ते या रुग्णांनाही लागू करावे. नळीची निगा व मलमपट्टी प्रशिक्षित परिचारिका जव्हार-मोखाड्यातच करू शकेल. स्टेंट काढण्याची तारीखही लसीकरणाप्रमाणे आशा स्वयंसेविकेच्या वहीत नोंदवावी आणि कुटुंब स्थलांतरित झाल्यास भट्टीजवळच्या आरोग्य केंद्राला कळवावी.